काळ्या पिशवीचं राजकारण

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी एक जण साहित्यावर बोलला, एक जण राज्यघटनेवर बोलला. आता मी कचऱ्यावर बोलणार. मागच्या बाकावरचे दोघंतिघं हसले ते मला दिसलं. हसा. कचऱ्यावर आजवर ज्यांनी लिहिलं, भाषणं केली, ते बहुतेक कचरा टाकणारे होते. उचलणाऱ्यानं माईक हातात घेतला की आधी हशा होतो, मग खोकला येतो, आणि मग हळूहळू शांतता होते. मी वाट बघतो.

मी एका मोठ्या इस्पितळात सोळा वर्षं सफाईचं काम केलं. पहिली नऊ ठेकेदाराकडे, पुढची सात कायम म्हणून. इस्पितळाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही म्हणाल, अच्छा, म्हंजे घोळ तिथला आहे. घोळ सगळीकडचा आहे. आणि मी रक्तामांसाच्या कचऱ्यावर बोलणार नाही. त्यावर परिषदा होतात, भिंतीवर रंगीत तक्ते लागतात. मी बोलणार साध्या कचऱ्यावर. कागदोपत्री त्याला 'सामान्य कचरा' म्हणतात. आमच्या वॉर्डात त्याचं नाव 'काळी पिशवी'.

आधी एक आकडा लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की इस्पितळातून शंभर किलो कचरा निघाला तर त्यातला सुमारे ८५ किलो साधा असतो. घरात, हॉटेलात, हापिसात निघतो तसलाच. धोक्याचा म्हणावा असा उरतो १५ किलो. म्हंजे इस्पितळाचा कचरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे येतं, रक्ताचे बोळे, सुया, कापलेले अवयव, ते सगळं त्या १५ मध्ये. नियम १५ साठी, बारकोड १५ साठी, हातमोजे १५ साठी. आणि ८५? ८५ आमच्या डोक्यावर.

या ८५ मध्ये काय असतं ते कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो. पहाटे पाचला वॉर्डात चहा येतो, कागदी कप सुरू होतात. सातला नाश्ता, केळ्याच्या साली, अंड्याची टरफलं, अर्धवट खाल्लेला उपमा. नऊला स्टोअरमधून माल येतो, सलाईनच्या बाटल्यांचे पुठ्ठ्याचे खोके, औषधांची खोकी, हातमोज्यांची रिकामी पाकिटं, सिरिंजवरचं कागद-प्लास्टिकचं वेष्टन. हे वेष्टन रक्ताला लागलेलं नसतं, म्हंजे साधा कचरा. अकराला डॉक्टर लोकांचा राउंड संपतो, ड्युटीरूममधून बिस्किटांचे पुडे, वर्तमानपत्रं, जेवणाचे पार्सलचे डबे. दुपारी जेवण, डाळभाताची उरलेली ताटं. संध्याकाळी चार ते सहा भेटीची वेळ. तेव्हा खरी जत्रा. मोसंबीच्या साली, पाण्याच्या बाटल्या, फुलं, प्रसादाची पुडी, आणि शहाळी. शहाळी कधी उचललीत का? पाणी पिऊन झालेलं शहाळं पिशवीत टाकलं की पिशवी फाटते. एका वॉर्डात संध्याकाळी वीस शहाळी निघाली की दोन पिशव्यांचं वजन माणसाच्या कमरेला कळतं. वर जुने केसपेपर, मोडक्या खुर्च्या, फाटलेल्या गाद्या, बाहेर झाडांचा पाला, भिंत फोडली की डेब्रिज.

हे सगळं नीट वेगळं केलं तर यात घाबरण्यासारखं काही नाही. ओलं एका डब्यात, सुकं दुसऱ्या डब्यात. ओल्याचं खत होतं, गॅस होतो. सुक्याला भंगारवाला पैसे देतो. एवढं सोपं आहे. मग अवघड कुठं होतं? ते समजायला आधी कायदा बघावा लागेल.

१९९८ साली आपल्या देशात जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या मार्चमध्ये ते बदलून नवे आले. त्यात रंग ठरले. पिवळ्या पिशवीत रक्ताळलेलं ड्रेसिंग, शरीराचे तुकडे, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंजा, वापरलेले हातमोजे. भोक पडणार नाही अशा पांढऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्या खुणेच्या डब्यात काच, औषधाच्या बाटल्या, अँप्युल. प्रत्येक पिशवीवर बारकोड. प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. चांगला कायदा आहे, मी नाव ठेवत नाही.

पण या कायद्यानं साध्या कचऱ्याला दार दाखवलं. तो म्हणाला, तू माझा नव्हेस, तू नगरपालिकेच्या घनकचऱ्याच्या नियमात जा. २०१६ च्याच एप्रिलमध्ये घनकचऱ्याचे नियम आले. त्यात म्हटलं, ज्याचा कचरा त्यानं जागेवरच वेगळा करायचा, आणि दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारं इस्पितळ म्हंजे मोठा कचरा उत्पादक, त्यानं ओल्याची विल्हेवाट शक्यतो आपल्या आवारातच लावायची. तेही चांगलं. पण झालं काय? एकाच खाटेखाली दोन कायदे. एका हाताला जैव-वैद्यकीय कचऱ्याचा, दुसऱ्या हाताला नगरपालिकेच्या घनकचऱ्याचा. मधल्या फटीत काळी पिशवी, आणि काळ्या पिशवीमागं माणूस.

रंगांचीही गंमत बघा. रस्त्यावर नगरपालिका सांगते, निळा डबा म्हंजे सुका कचरा. वॉर्डात निळा म्हंजे काच. रुग्णाची म्हातारी आई गावावरून आलेली, ती निळ्यात वर्तमानपत्र टाकते आणि वर सिस्टरचं बोलणं खाते. तिचं काय चुकलं? तिला कोणी सांगितलं? भिंतीवरचा तक्ता इंग्रजीत.

आता मुद्द्यावर येतो. २०१६ च्या नियमात स्पष्ट लिहिलंय, की जैव-वैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. कामावर घेताना आणि दर वर्षी तपासणी करायची. प्रशिक्षण द्यायचं. अपघात झाला तर ठरलेल्या फॉर्मात नोंद करायची. वाचायला छान वाटतं. आता प्रश्न असा, जैव-वैद्यकीय कचरा हाताळणारा कोण? ठेकेदाराच्या कागदावर पिवळी-लाल पिशवी उचलणारे चार जण असतात. बाकीचे चाळीस 'हाउसकीपिंग'. ते काळी पिशवी उचलतात. काळ्या पिशवीत धोका नसतो, असं कागद म्हणतो. म्हणून लस नाही, जाड मोजे नाहीत, बूट नाहीत.

पण सुईला वाचता येत नाही ना. ती आपण कोणत्या पिशवीत जायचं ते वाचून जात नाही.

आमच्यातली एक बाई. सहा वर्षं एकाच वॉर्डात. कचऱ्याची लिफ्ट बंद होती, म्हणून ती काळी पिशवी पाठीला लावून जिन्यानं उतरत होती. दुसऱ्या मजल्यावर मांडीत सुई घुसली. वर गेली, सांगितलं. पहिला प्रश्न आला, कुठल्या पिशवीतली सुई? ती म्हणाली, काळ्या. उत्तर आलं, काळ्यात सुई नसते. झालं! मांडीतून रक्त येतंय आणि नियमाप्रमाणे सुई नाहीच. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, तिचं काम केर काढायचं, तिनं पिशवीत हात कशाला घातला? तिनं हात घातलाच नव्हता, पिशवी तिला लागली होती. तिला लसीचा एकही डोस मिळालेला नव्हता. आम्ही पंधरा जण हापिसापुढं जमिनीवर बसलो, झाडू आडवे ठेवून. रात्री नऊला तिच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढं सहा महिने दर तपासणीला ती कशी जायची, घरात नवऱ्याला काय सांगायची, लहान पोराला जवळ घेताना काय विचार करायची, ते मी सांगत नाही. रिपोर्ट चांगले आले. पण चांगले आले हा इस्पितळाच्या व्यवस्थेचा पुण्यप्रताप नव्हे.

तुम्हाला वाटेल, एक सुई, त्यात काय एवढं. तर ऐका. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हिपॅटायटीस सी ची शंभरात दोनच्या आसपास. एच.आय.व्ही.ची हजारात तीन. बघा, ज्या रोगाची सगळ्यात जास्त भीती घातली जाते त्याची शक्यता सगळ्यात कमी. आणि ज्याची सगळ्यात जास्त, त्यावर लस आहे. तीन डोस. आज, महिन्याने, आणि सहा महिन्यांनी. एवढ्यावर माणूस वाचतो. तरी ती टोचली जात नाही. का? कारण टोचायची कोणाला, तर 'हाउसकीपिंग'ला.

सुई काळ्या पिशवीत येते कशी, हेही समजून घ्या. नुसतं 'नर्स बेजबाबदार' म्हणून चालणार नाही. एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतात. सुयांचा पांढरा डबा वॉर्डाच्या टोकाला टेबलावर, रुग्ण दुसऱ्या टोकाला. मधल्या खाटेजवळ फक्त काळ्या पिशवीचा डबा. डबा भरला तर नवा यायला दोन दिवस. रुग्णाचे नातेवाईक घरून इन्सुलिन आणतात, टोचतात आणि सुई केळ्याच्या सालीत गुंडाळून टाकतात. शिवाय जिथं पिवळ्या पिशवीचे पैसे किलोवर मोजले जातात तिथं वरून सूचना येते, पिवळ्याचं वजन कमी करा. वजन कमी करायचे दोन रस्ते. एक, साधा कचरा पिवळ्यात जाऊ द्यायचा नाही, हा खरा रस्ता. दुसरा, पिवळ्यातला काळ्यात ढकलायचा. दुसऱ्याला मेहनत लागत नाही.

उलटंही होतं. तपासणीचा दिवस आला की घाबरून सगळंच पिवळ्यात. पुठ्ठा, कप, साली, प्लास्टिक, सगळं भट्टीत. क्लोरीनवालं प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन नावाचं विष हवेत जातं. हवेत म्हंजे कोणाच्या हवेत? मलबार हिलच्या नव्हे. मुंबईच्या इस्पितळांचा जैव-वैद्यकीय कचरा वर्षानुवर्षं देवनार-गोवंडीच्या भट्टीत जळत आला. तिथले रहिवासी त्याविरुद्ध कोर्टात गेले. आणि साधा कचरा? मुंबईची कचरापट्टी देवनारला सुरू झाली १९२७ साली. २०१६ च्या जानेवारीत तिला आग लागली, कितीतरी दिवस धूर हटेना, तेव्हा बाकीच्या मुंबईला तिचा पत्ता कळला. त्या पट्टीच्या कडेला कोण राहतं? आपले लोक, मुसलमान, शहरानं हुसकावलेले. म्हंजे वॉर्डात पिशवी आपण उचलायची, आणि शेवटी ती आपल्याच उशाला येऊन पडायची. कचऱ्याचा प्रवास जातीच्या रस्त्यानंच होतो, मित्रांनो. गाडी नगरपालिकेची, रस्ता मनूचा.

इथं कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? मी आणत नाही, ती आधीच येऊन बसलेली असते. इस्पितळात हजेरीपट बघा. डॉक्टरांच्या यादीतली आडनावं वाचा, मग सफाईच्या यादीतली वाचा. मला पुराव्याची गरज नाही, तुम्हालाही नसावी. पिवळ्या पिशवीला लोक 'धोकादायक' म्हणतात, काळ्या पिशवीला 'घाण' म्हणतात. धोक्याला हातमोजा मिळतो. घाणीला जात मिळते. धोकादायक कचरा उचलणाऱ्यासाठी निदान कागदावर तरी प्रशिक्षण आहे. घाण उचलायला प्रशिक्षण कसलं, ते तर रक्तातच असतं, असा या समाजाचा समज. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या भाषणात जात म्हंजे नुसती कामं वाटून घेणं नव्हे, हे उलगडून दाखवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९३५ ला, मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ त्यांनी उभा केला होता. एका हातानं जातीच्या मुळावर घाव, दुसऱ्या हातानं झाडूवाल्याच्या पगाराचा लढा. दोन्ही एकदम. आपल्यातले काही जण फक्त पहिलं घेतात, काही फक्त दुसरं.

जरा मागं जाऊ. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. लाखो लोक शहर सोडून पळाले. तेव्हा म्युनिसिपालिटीला मोठी धास्ती कसली होती? डॉक्टर पळतील याची नव्हे. हलालखोर आणि बिगारी निघून जातील याची. ते गेले तर हे शहर माणसानं राहण्यालायक उरणार नाही, हे साहेबाला कळत होतं. २०२० च्या साथीतही तेच कळलं. मार्चच्या २२ तारखेला संध्याकाळी पाचला गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. आम्ही तेव्हा ड्युटीवर होतो. थाळ्यांचा आवाज आम्ही ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच थाळ्यांतलं खरकटं उचललं.

कळतं सगळ्यांना. पण संकट संपलं की विसरतात. आणि आता तर कायद्यानंच विसरायची सोय करून ठेवलीय. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांची एक संहिता संसदेनं २०२० साली केली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात म्हटलंय, आस्थापनेच्या मूळ कामासाठी ठेक्यावर माणसं लावता येणार नाहीत. ऐकायला किती गोड! पण मूळ काम कशाला म्हणायचं याची व्याख्या वाचा. झाडणं, पुसणं, साफसफाई, सगळ्या प्रकारचा कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट लावणं, ही मूळ कामं धरायची नाहीत. आस्थापना त्याच कामासाठी काढलेली असली तरच ती मूळ. म्हंजे इस्पितळात सफाई हे इस्पितळाचं मूळ काम नाही!

हे मला कोणीतरी वैद्यकशास्त्रातून समजावून सांगावं. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू धडाधड कमी झाले. जंतूंचा सिद्धांत अजून लोकांनी मानलाही नव्हता. औषध तेच, डॉक्टर तेच, फरक फक्त स्वच्छतेचा. तेव्हापासून आजपर्यंत इस्पितळाचा पाया सफाई हाच आहे. उष्टं चार तास खाटेखाली राहिलं की झुरळ येतं, उंदीर येतो, उंदरामागं मांजर येतं. भरलेली पिशवी जिन्यात राहिली की माशा येतात, आणि तीच माशी ऑपरेशन झालेल्या जखमेवर बसते. ज्या कामावाचून ऑपरेशन थिएटर उघडता येत नाही ते काम मूळ नाही, तर मूळ काय, गेटवरची पाटी?

आपण काहीच करू शकत नाही असंही नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं ठेक्यावरच्या कचरा कामगारांचा लढा वर्षानुवर्षं कोर्टात लढवला. औद्योगिक न्यायाधिकरण, हायकोर्ट आणि मग २०१७ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्ट. २७०० कामगार महापालिकेत कायम झाले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाया, त्यात बहुसंख्य दलित. त्यांनी सांगितलं, आम्ही भिकारी नाही, आम्ही कामगार आहोत, आम्हाला ओळखपत्र द्या. आणि घेतलं. हे कोणी दयेनं दिलं नाही.

आता एक कठीण प्रश्न. काल रात्री तुमच्यातल्याच एका पोरानं मला विचारला. म्हणाला, दादा, तुम्ही कचरा नीट कसा उचलायचा ते शिकवताय. आपण तर झाडू फेकून द्यायचा ना? लाड-पागे समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या पोराला बापाच्या जागी नोकरी मिळते. ती सवलत आहे की साखळी?

मला प्रश्न आवडला. सरळ उत्तर देतो. ज्या घरात दुसरी चूल पेटत नाही, त्या घराला मी सांगणार नाही की वारसाहक्काची नोकरी सोड. तसं सांगणारा एकतर साहेब असतो नाहीतर मूर्ख असतो. ती नोकरी घ्या, पगार घ्या, पोरं शिकवा. पण ती नोकरी फक्त आपल्यालाच बिनविरोध का मिळते, हेही विचारा. कलेक्टरच्या जागेवर वारसाहक्क मागायला आपण गेलो तर काय होईल? झाडूचा वारसा कायम, खुर्चीचा वारसा गुणवत्तेवर! म्हणून माझं म्हणणं, पोरानं झाडू सोडायचाच आहे. पण आपण सोडला म्हणून कचरा निघायचा थांबणार नाही. आपल्या जागी झारखंडातून, बिहारातून आलेला आणखी एखादा गरीब येईल, त्याचीही जात तीच असेल. मग आपण काय मिळवलं? खांदा बदलला, ओझं तेच.

ओझंच बदलायला पाहिजे. म्हंजे काय, तर ज्यानं कचरा केला त्यानं तो तिथल्या तिथं योग्य डब्यात टाकायचा. डॉक्टरनं आपला चहाचा कप आपल्या हातानं सुक्यात टाकायचा. नातेवाइकानं सालं ओल्यात टाकायची. सिस्टरनं सुई टोचल्या जागेवरून थेट पांढऱ्या डब्यात टाकायची, त्यासाठी डबा ट्रॉलीवर सोबत फिरला पाहिजे, तो इस्पितळानं पुरवला पाहिजे. हे झालं की खाली कोणाला पिशवी फोडून हातानं निवडत बसावं लागत नाही. आजची पद्धत काय आहे? वरचे सगळे मिळून एकत्र करणार आणि खालचा एकटा वेगळं करणार. ही जातीचीच पद्धत आहे. घोषणा द्यायचीच असेल तर ही द्या: कचऱ्याची वाटणी जन्मतःच करा, माणसांची नको!

आणि वेगळं झाल्यावर पुढं? ओला कचरा देवनारला न्यायची गरज नाही. तिथून हाकेच्या अंतरावर ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचा बायोगॅसचा प्लांट विकसित केला. उष्ट्या-खरकट्याचा गॅस, खाली उरतं ते खत. इस्पितळाच्या स्वयंपाकघराला गॅस रोजच लागतो, आणि खरकटंही रोजच निघतं. सरळ हिशोब आहे. शहाळी तेवढी वेगळी ठेवायची, ती त्यात चालत नाहीत, ती फोडून वाळवावी लागतात, त्यासाठी यंत्र येतं. सुका कचरा, विशेषतः पुठ्ठा, हा पैसा आहे. इस्पितळाच्या मागच्या दारानं रोज पुठ्ठा जातो. त्याचा पैसा कुठं जातो? विचारा. आमच्याकडे तो सुपरवायझरच्या खिशात जायचा. आम्ही म्हटलं, याची वही ठेवा, आणि यातून सफाई कामगारांना बूट घ्या. वही आली. बूट यायला दोन वर्षं लागली, पण आले.

आता तुम्ही काय करायचं? टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. तुमच्या वस्तीजवळचं एक सरकारी किंवा पालिकेचं इस्पितळ निवडा. दोघादोघांनी जा. भेटीच्या वेळेत एका वॉर्डात उभे राहा आणि बघा. ओल्या-सुक्याचे वेगळे डबे आहेत का? सूचना मराठीत, हिंदीत आहेत का, चित्रात आहेत का? पांढरा डबा रुग्णापासून किती पावलांवर आहे? भरलेली पिशवी कशावरून नेतात, ढकलगाडीवर की पाठीवर? मग सफाई कामगाराशी बोला, मुकादम समोर नसताना. लसीचे तीन डोस झाले का? कार्ड आहे का? सुई टोचली तर कुठं जायचं ते माहीत आहे का? पगार बँकेत येतो की हातात, पी.एफ. कापतात तो भरतात का?

यातलं बरंच काही माहितीच्या अधिकारात मागता येतं. २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांचा अर्ज. इस्पितळानं जैव-वैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल आपल्या वेबसाइटवर टाकायचा, असं २०१६ च्या नियमातच आहे. तो वाचा. त्यात किती सुया टोचल्या म्हणून लिहिलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी शून्य सापडेल. मग वॉर्डात जाऊन विचारा, खरंच शून्य का? त्या शून्यात आमची बाई आहे.

आणि हे एवढं प्रत्येकानं पाठ करून जा, घरी आई-बहीण-भाऊ कोणी इस्पितळात कामाला असेल तर सांगा. सुई टोचली तर जागा वाहत्या पाण्यानं साबण लावून धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात धरायचं नाही. ताबडतोब कळवायचं, नोंद लेखी करून घ्यायची. एच.आय.व्ही. टाळण्याच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, पहिल्या काही तासांत, आणि कुठल्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत. 'काळ्या पिशवीत सुई नसते' असं कोणी म्हणालं तर त्याला ती पिशवी पाठीला लावून एक जिना उतरायला सांगायचं.

आपल्या मागण्या चारच आहेत. इस्पितळात झाडू हातात घेणारा प्रत्येक जण, पिशवी कुठल्याही रंगाची उचलो, त्याला लस, बूट, जाड मोजे आणि वर्षाची तपासणी. सफाई हे इस्पितळाचं मूळ काम आहे असं मान्य करा आणि ठेका बंद करा. कचरा करणाऱ्यानं जागेवर वेगळा केला नाही तर जाब त्याला विचारा, उचलणाऱ्याला नव्हे. आणि पुठ्ठ्याची वही उघडी ठेवा.

चार मागण्या लहान वाटतात. इस्पितळात जाऊन मागून बघा, म्हंजे कळेल किती मोठ्या आहेत ते. येत्या रविवारी ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर वहीत नावं लिहा. दोघादोघांच्या जोड्या करायच्यात.

जयभीम.